खाडा

मराठवाड्यात सालगड्याच्या गैरहजेरीच्या दिवसाला खाडा म्हणतात. गुढीपाडव्याला साल ठरायचे, पुढच्या गुढीपाडव्याला संपायचे, आणि हिशेबाला बसल्यावर मालक वर्षभराचे खाडे मोजून तेवढ्या दिवसांचे पैसे वळते करून घ्यायचा. माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, आयुष्याची २६ वर्षे सालगडी होते. गावात त्यांच्याविषयी जे बोलले जाई, त्यात त्यांच्या राबण्यापेक्षा त्यांच्या खाड्यांचा उल्लेख अधिक असे. आबांच्या अंगात बळ कमी नव्हते. ज्वारीचे भरलेले पोते ते एकट्याने पाठीवर घेत. तरीही वर्षातले दहाबारा दिवस असे उजाडत की त्यांना अंथरुणावर कूसही बदलता येत नसे, आणि दुपार कलल्यावर, किंवा फार तर दुसऱ्या सकाळी, तेच आबा बैल जुंपून शेतात उभे असत. काल ज्याने पोते उचलले आणि उद्याही जो उचलणार आहे, त्याला आज हात उचलता येत नाही, हे कोणाला पटणार? मालकाला पटले नाही, भावकीला पटले नाही, आणि मला वाटते, पुढे पुढे आबांना स्वतःलाही ते पटेनासे झाले असावे.

त्यांना जे होत होते त्याचे नाव मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी ऐकले, कारण तोपर्यंत ते माझ्याही वाट्याला आले होते. हायपोकॅलेमिक पीरियॉडिक पॅरालिसिस हे ते नाव. रक्तातील पोटॅशियम एकाएकी उतरल्यामुळे अधूनमधून येणारा आणि आपोआप ओसरणारा लुळेपणा, असा त्याचा अर्थ सांगता येईल. हा आजार साधारणपणे लाखात एखाद्याला होतो. तो आईवडिलांपैकी एकाकडून मुलाकडे येतो, बहुतेकांना वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत पहिला झटका येतो, आणि झटका संपला की मागे काही खूण उरत नाही. याच शेवटच्या गोष्टीविषयी मला लिहायचे आहे. वेदना होत नाहीत, सूज येत नाही, ताप चढत नाही, आणि बहुतेक वेळा पाहणारा माणूस येऊन पोहोचेपर्यंत अंगात पुन्हा बळ आलेले असते.

माझा पहिला झटका १९८९ च्या मे महिन्यातला. चुलतबहिणीचे लग्न होते, मी सोळा वर्षांचा होतो, आणि दिवसभर विहिरीवरून पाणी वाहणे, मांडवाचे वासे रोवणे, पंगतीत वाढणे ही सगळी कामे आम्हा पोरांकडे होती. रात्री उशिरा आमची पंगत बसली. बुंदी होती, जिलेबी होती, भात होता, आणि भुकेल्या पोराने जेवावे तसा मी जेवलो. मग आम्ही सगळे माळवदावर झोपायला गेलो. पहाटेच्या आधी कधी तरी जाग आली. पिंडरीवर डास चावत होता आणि त्याची आग मला स्पष्ट जाणवत होती. हात नेऊन त्याला मारावे म्हणून मी हात उचलायला गेलो, तेव्हा हात जड वाटला. पाय हलवायला गेलो, तर तो हललाच नाही. जणू पाय माझा होता, पण माझे ऐकण्याचे त्याने थांबवले होते. शेजारच्या भावाला मी हाक मारली. आवाज नेहमीसारखा निघाला. श्वास चालू होता, गिळता येत होते, डोळे फिरत होते, अंगाला वारा लागत होता. फक्त खांद्यापासून खाली काहीही उचलत नव्हते.

उजाडल्यावर गडबड उडाली. आमच्याकडे पक्षाघाताला अंगावरून वारे जाणे म्हणतात. त्यामुळे जिना चढून आलेल्या पहिल्याच माणसाने पोराला वारे गेले म्हणून जाहीर केले. कोणी म्हणाले, उन्हात राबवले म्हणून झाले. काकूने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका वडीलधाऱ्या पाहुण्याने माझ्या पायाच्या अंगठ्याला जोरात चिमटा घेतला, मी ओरडलो, आणि तो समाधानाने म्हणाला, ‘‘कळतंय की याला. सोंग घेऊन पडलंय.’’ आजी एका कोपऱ्यात उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘आबावाणी झालं.’’ तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तिच्याकडे वळले आणि त्यांनी तिला नुसत्या नजरेने गप्प केले. ती नजर मला कितीतरी वर्षे कळली नाही.

बाजेवर घालून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. अशक्त माणसाला ग्लुकोजची सलाईन चढवायची, ही आपल्याकडची इतकी रुळलेली रीत आहे की रुग्णच तिची मागणी करतो, आणि ती लावली नाही तर डॉक्टरांनी काही केलेच नाही असे त्याच्या घरच्यांना वाटते. मलाही ती लावली गेली. पहिली बाटली संपेपर्यंत माझी बोटे हलत होती, दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा ती हलेनाशी झाली आणि मान उशीवरून उचलता येईना. आज मला त्यामागचे कारण माहीत आहे. शिरेतून साखर आत गेली की शरीर इन्शुलिन सोडते, इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलते, आणि जे पोटॅशियम आधीच रक्तातून निघून गेलेले आहे ते आणखी उतरते. औषध म्हणून मला जे दिले जात होते तेच मला खाली ढकलत होते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा रुग्ण त्यांनी बहुधा आयुष्यात पाहिला नसेल. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपणहून उठून बसलो, तेव्हा त्यांनी दादांना बाजूला घेऊन मुलाला परीक्षेची भीती वाटते का असे विचारले होते. दहावीचा निकाल लागायचा होता. त्या प्रश्नाने पुढची नऊ वर्षे माझा पाठलाग केला.

त्या नऊ वर्षांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. वसतिगृहात राहिलो, वर्षाला सहासात वेळा पडलो, खोलीतल्या मित्रांना पोट बिघडल्याचे सांगायला शिकलो, आणि एकदा मनोविकारतज्ज्ञाकडेही जाऊन आलो. त्यांनी माझे शांतपणे ऐकून घेतले. पण झटका त्यांच्यासमोर कधी आला नाही, आणि मी जे सांगत होतो ते त्यांच्या खुर्चीसमोर ताठ बसून सांगत होतो.

१९९८ साली एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, पहाटे चारच्या सुमारास, एका तरुण निवासी डॉक्टरने सलाईन लावण्यापूर्वी माझे रक्त घेतले. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय उडाला नाही. हृदयाचा आलेख काढला आणि त्यातल्या एका जास्तीच्या लाटेवर बोट ठेवून तो बराच वेळ पाहत राहिला. तासाभराने रक्ताचा आकडा आला. रक्तातील पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. माझे २.१ होते. तो खाटेशी वाकून मला म्हणाला, ‘‘या आकड्याला कोणालाच उठता आलं नसतं.’’ हे ऐकून मी रडलो, आणि माझे डोळे त्यालाच पुसावे लागले, कारण माझे हात हलत नव्हते. पोटॅशियम क्लोराइडचे औषध पाण्यात मिसळून त्याने मला घोटाघोटाने पाजले. त्याची खारट, कडवट, घसा जाळणारी चव आजही जिभेवर आहे. दहा वाजेपर्यंत मी उभा राहिलो होतो.

त्यानंतर त्याने लगेच निदान केले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. पोटॅशियम उतरून हातपाय गळण्याची कारणे अनेक आहेत. आशियाई पुरुषांमध्ये थायरॉइड वाढल्यामुळे हुबेहूब असाच झटका येतो आणि थायरॉइडवर उपचार झाला की तो कायमचा थांबतो. मूत्रपिंडाच्या काही विकारांत पोटॅशियम लघवीवाटे खरोखरच शरीराबाहेर जाते, आणि आपल्या देशात असे रुग्ण काही कमी नाहीत. ती सगळी कारणे एकेक करून तपासली गेली. शेवटी करंगळीच्या बाजूच्या एका लहान स्नायूला विजेचे हलके झटके देऊन त्याची ताकद मोजण्यात आली, मग मला ५ मिनिटे त्या बोटाचा व्यायाम करायला लावला, आणि नंतर पाऊण तास थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मोजणी झाली. व्यायामानंतर तो आकडा उतरत उतरत निम्म्यावर आला. मला काहीही जाणवत नव्हते, मी बसून तंत्रज्ञाशी बोलत होतो, आणि समोरच्या पडद्यावर माझा स्नायू माझ्या बाजूने साक्ष देत होता.

आत नेमके काय घडते हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात जे असते ते अगदी थोडे. आमच्या आजारात शरीरातले पोटॅशियम कमी होत नाही, ते केवळ जागा बदलते. आमच्या भागात पूर्वी ज्वारी पेवात भरून ठेवत. गावात भूक आहे, गावातले धान्यही गावातच आहे, पण सगळे पेवात आणि पेवाचे तोंड लिंपलेले, असा तो प्रकार असतो. आता भरल्या जेवणानंतर थोडे पोटॅशियम प्रत्येकाच्याच स्नायूंत जाते, मग बाकीचे लोक का पडत नाहीत? त्याचे उत्तर स्नायूच्या आवरणातल्या वाहिन्यांमध्ये आहे. या वाहिन्या म्हणजे प्रथिनांची दारे, आणि त्यांतून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांचे कण ठरलेल्या वेळी ये-जा करतात. कॅल्शियमच्या अशा एका दाराच्या जनुकात, म्हणजे सीएसीएनए१एस या जनुकात, बिघाड असतो हे १९९४ साली सापडले; काही कुटुंबांत तो सोडियमच्या दाराच्या जनुकात असतो. अनेक वर्षे समजत असे की दार नीट उघडत नाही. २००७ साली सोडियमच्या वाहिनीत, आणि पुढे कॅल्शियमच्या वाहिनीतही, असे दिसले की मुख्य दाराला लागून एक बारीक फट पडलेली असते आणि तिच्यातून विद्युतभार सतत झिरपतो. एरवी स्नायू ती गळती सहन करतो. रक्तातले पोटॅशियम उतरले की मात्र त्याचा तोल सुटतो, आवरणावरचा विद्युतदाब ढळतो, आणि मेंदूकडून आलेला हुकूम स्नायूपर्यंत पोहोचूनही स्नायू त्याला उत्तर देत नाही. सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी प्रथिनाच्या लांबच लांब साखळीतला एक दुवा बदललेला असतो.

झटक्याच्या वेळी रक्तातले पोटॅशियम उतरलेले असते हे १९३४ साली नेदरलँड्समध्ये नोंदवले गेले. आबा तेव्हा जेमतेम विशीत होते आणि त्यांचे पहिले साल नुकतेच ठरले असेल.

आमच्या आजाराच्या भावकीतला एक आजार आहे, ज्यात स्नायू लुळे पडण्याऐवजी आखडून राहतात आणि मूठ मिटली की लवकर उघडत नाही. त्याचे वर्णन १८७६ साली युलिउस थॉमसेन या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. श्लेस्विगमधील काप्पेल्न गावात ते राहत आणि हा आजार त्यांना स्वतःला होता, त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या होता. इतकी वर्षे त्यांनी त्यावर जाहीरपणे काही लिहिले नव्हते. मग त्यांच्या मुलावर लष्करी सेवा चुकवण्यासाठी ढोंग करत असल्याचा आरोप आला, आणि त्या बापाने लेखणी उचलली. वैद्यकाच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो. जगाला एक नवा आजार मिळाला तो एका बापाला आपला मुलगा खोटारडा नाही हे सांगायचे होते म्हणून. दादांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले, आणि त्याकडे मी येतोच.

त्याआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण अर्धवट माहितीने या आजारात जीव जाऊ शकतो. पोटॅशियम वाढल्यामुळे येणारा तात्पुरता लुळेपणाही असतो. इंग्रिड गॅमस्टॉर्प या स्वीडिश बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५६ साली तो वेगळा ओळखला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही झटके सारखेच दिसतात, पण एकात भरपेट गोड जेवण घात करते आणि दुसऱ्यात उपास. एकाला पोटॅशियम उठवते आणि दुसऱ्याला तेच पाडते. (हा दुसरा प्रकार अमेरिकेतील क्वार्टर जातीच्या घोड्यांमध्येही आहे, आणि त्यातले सगळे आजारी घोडे १९६९ साली जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह नावाच्या एकाच देखण्या, पिळदार घोड्याच्या वंशातले निघाले. बळाचा आणि दुबळेपणाचा उगम एकाच ठिकाणी असावा, हे वाचून मला आबा आठवले.) म्हणून रक्त तपासल्याशिवाय कोणी कोणाला नारळपाणी किंवा पोटॅशियमचे औषध पाजू नये. आमच्या प्रकारातही झटका ओसरताना पेशींतले पोटॅशियम परत रक्तात येते, आणि वरून जास्त दिलेले असेल तर हृदयाची लय बिघडू शकते.

निदानानंतर माझे जगणे ताटापासून बदलले. रात्री पोटभर जेवायचे नाही, गोड जवळजवळ बंद, मीठ बेताचे, खूप राबल्यावर एकदम आडवे व्हायचे नाही. सांगायला हे सोपे आहे. पण आपल्याकडे प्रेम ताटात वाढले जाते, आणि तिसरी पुरणपोळी नाकारणे म्हणजे वाढणारीचा हात नाकारणे असते. सासुरवाडीच्या पहिल्या दिवाळीत मी लाडू बाजूला ठेवला, तेव्हा सासूबाईंना वाटले की जावई रुसला आहे. मग मी त्यांना सगळे सांगितले. त्या शांतपणे आत गेल्या, भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आल्या, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सणाला, त्या होत्या तोवर, त्यांच्या घरी माझे पान तसेच वाढले गेले. ज्यांनी विश्वास ठेवला त्या माणसांची गणती मी हाताच्या बोटांवर करू शकतो, आणि त्यात त्या पहिल्या आहेत.

औषध म्हणून मी ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेतो. त्या मूळच्या काचबिंदूवर आणि उंच पहाडावर होणाऱ्या त्रासावर दिल्या जातात, त्यामुळे नवा औषधविक्रेता हमखास विचारतो की हिमालयात निघालात का. त्या सगळ्यांनाच मानवतात असे नाही. सोडियमच्या वाहिनीत बिघाड असणाऱ्या काहींचे झटके त्यांनी वाढतात. मला त्यांनी बोटांना मुंग्या आणि एकदा मुतखडा दिला, पण वर्षाला सात झटक्यांवरून एकदोनवर आणले. याच जातीचे डायक्लोरफेनामाइड हे औषध अमेरिकेत २०१५ साली खास या आजारासाठी मंजूर झाले.

एकदा अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही गेलो होतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व नमूद आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. मी तपासणीच्या खोलीत चालत गेलो. माझी ताकद त्या घटकेला पूर्ण होती आणि कागदावर तसेच लिहिले गेले. तपासणाऱ्यांनी मोजपट्टीप्रमाणे काम केले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार मोजपट्टीविषयी आहे, कारण तिच्यात फक्त आजचा दिवस मोजला जातो आणि ज्याचे अपंगत्व वर्षातल्या पंधरा पहाटांना येऊन जाते त्याच्यासाठी तिच्यावर खूणच नाही.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये पहाटे पाच वाजता ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, नांदेडला असते. ती म्हणाली, ‘‘याला आपल्या घरचं झालंय.’’ भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आदल्या दिवशी शाळेच्या क्रीडास्पर्धांत तो दिवसभर धावला होता आणि रात्री मित्राच्या वाढदिवसाला केक आणि पिझ्झा खाऊन थंडीत झोपला होता. मी तिला तीन वाक्ये लिहून घ्यायला सांगितली: ग्लुकोज लावू नका, आधी पोटॅशियम तपासा, हृदयाचा आलेख काढा. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, त्याप्रमाणे केले, आणि भाच्याचे पोटॅशियम २.४ निघाले. मला नाव मिळायला नऊ वर्षे लागली होती. त्याला दोन तास लागले.

दुपारी मी पोहोचलो तेव्हा भाचा उशीला टेकून बसला होता आणि ताई बाहेरच्या बाकावर रडत होती. ‘‘मला कधीच काही झालं नाही रे, मग माझ्याकडून कसं गेलं?’’ हाच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आमच्या घरात हे पुरुषांचे दुखणे आहे अशी समजूत होती, आणि समजुतीला आधारही होता, कारण या आजारात स्त्रियांना झटके कमी येतात आणि काहींना जन्मभर एकही येत नाही. पण बिघडलेले जनुक त्यांच्यातही असते, आणि ते मुलाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. ताईच्या रक्तात ते निघाले, माझ्यात निघाले, आणि दादांच्या रक्तातही निघाले.

दादा तेव्हा पंचाहत्तरीत होते. प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आम्ही त्यांना कधी पडलेले पाहिले नव्हते, आणि त्यांच्या काही सवयींना आम्ही त्यांचा करडा स्वभाव समजत होतो. रात्री ते एकच भाकरी खात. सणाच्या दिवशी पुरणपोळी दुपारी, तीही अर्धी, आणि संध्याकाळी काही नाही. रात्रीच्या जेवणानंतर ते वेशीपर्यंत चालून येत, पाऊस असला तर ओसरीत येरझारा घालत. आता मला ठाऊक आहे की हलके चालत राहिल्याने येऊ घातलेला झटका पुष्कळदा टळतो. दादांना हे कोणी सांगितले नव्हते. आबांकडे बघत बघत आणि स्वतःच्या अंगावर सोसत त्यांनी ते शोधून काढले होते, आणि मला मात्र सांगितले नव्हते. ताईचे लग्न व्हायचे होते, घराण्यात खोट आहे असे एकदा पसरले की स्थळ येणार नाही, म्हणून माळवदावरच्या त्या सकाळी त्यांनी आजीला गप्प केले होते. त्यांनी हे मला नांदेडच्या घरी, भाच्याच्या पलंगाशेजारी बसून, कोणी न विचारता सांगितले. मी काही बोललो नाही. नऊ वर्षांचा राग माझ्याजवळ होता. पण खुर्चीतून उठताना मांडीवर दोन्ही हात रेटून, कमरेत वाकून, टप्प्याटप्प्याने उभे राहणारा हा म्हातारा समोर असताना तो राग धरून ठेवता येईना. या आजारात उतारवयात झटके कमी होतात आणि मांड्यांत कायमचा अशक्तपणा उतरतो. आम्ही त्याला संधिवात म्हणत आलो होतो.

पुढच्या वेळी दादा येताना एक वही घेऊन आले. पुठ्ठा गेलेली, दोऱ्याने शिवलेली, शाईने आखलेल्या रेघांची. आबांना अक्षर येत नव्हते आणि मालक खाडे जास्त धरतो असा त्यांना संशय होता, म्हणून दादा शाळेत जाऊ लागल्यावर आबांनी त्यांना स्वतःची वेगळी नोंद ठेवायला लावली होती. १९५५ च्या पाडव्यापासून १९५९ च्या पाडव्यापर्यंतची ती नोंद होती, मुलाच्या टपोऱ्या, तिरक्या अक्षरात. तारखा नव्हत्या. सालगड्याचे वर्ष सणांनी आणि कामांनी मोजले जाई, तशीच ती लिहिलेली होती. होळीचा दुसरा दिवस. नागपंचमीचा दुसरा दिवस. रास झाली, दुसरा दिवस. पौषातला गारठा. आणि चारही वर्षे, न चुकता, पोळ्याचा दुसरा दिवस.

पोळ्याला सालगड्याचा मान असतो. आदल्या संध्याकाळी तो बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतो आणि आवतण देतो, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’’ पोळ्याच्या दिवशी बैलांना नदीवर धुवायचे, शिंगे रंगवायची, झूल चढवायची, मिरवायचे, त्यांची लग्ने लावायची, आणि संध्याकाळी मालकाच्या घरी पाटावर बसून गुळवणीबरोबर पोटभर पुरणपोळी जेवायची. वर्षात तो एक दिवस मालकीण सालगड्याला स्वतःच्या हाताने आग्रह करून वाढते. आबांना असा आग्रह दुसऱ्या कुठल्या दिवशी झाला नसेल. ते जेवले असतील, दिवसभराच्या कामाने थकलेले असतील, आणि तसेच येऊन झोपले असतील. दुसऱ्या दिवशी ज्याचे पैसे कापले जात, तो खाडा त्याच पाटावर त्यांच्या ताटात वाढला गेला होता. मालकीणबाईंना ते माहीत नव्हते, आबांना माहीत नव्हते, आणि ज्या मुलाने ते लिहून ठेवले त्यालाही तेव्हा माहीत नव्हते.

प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा रकाना होता. पहिल्या काही पानांवर दादांनी ‘आजारी’ असे लिहिले होते. मग मालकाने विचारले असावे की कसला आजार, ताप नाही, खोकला नाही. कारण त्यापुढे तो शब्द खोडलेला आहे आणि सगळ्या नोंदींपुढे आबा जे म्हणत तेच लिहिलेले आहे: ‘अंग उचलले नाही.’ माझ्या त्या पहाटेच्या कागदावरचा २.१ हा आकडा आणि हे तीन शब्द मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत, आणि मला त्यांच्यात फरक करता आलेला नाही.

भाचा वही चाळत होता. शेवटच्या वर्षात काही ठिकाणी ‘खाडा’ऐवजी ‘अर्धा खाडा’ असे लिहिलेले त्याला दिसले, आणि त्याने दादांना विचारले, ‘‘आजोबा, अर्धा खाडा म्हणजे आबा दुपारी बरे होऊन कामावर जायचे का?’’ दादांनी चष्मा काढून वही डोळ्यांजवळ नेली. म्हणाले, ‘‘नाही. त्या दिवशी आबांच्या बदली मी जायचो. पोराचं काम अर्धं धरायचे.’’ मग थोडा वेळ पानावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘‘शाळेत त्या दिवशी माझा पूर्ण लागायचा.’’